पंधरा भागिले सव्वीस

ग्रॅच्युइटी हा शब्द आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा असतो. कुणी ‘ग्रॅज्युटी’ म्हणतं, कुणी ‘ग्रॅजिटी’, आणि खेड्यातल्या बायका सरळ ‘शेवटचं पैसं’ म्हणतात. सरकारी मराठीत त्याला ‘उपदान’ असा भारदस्त शब्द आहे. मला विचाराल तर या सगळ्यांत बायकांचा शब्द बरा आणि सरकारी शब्द सगळ्यात वाईट, कारण त्यात ‘दान’ आहे. एकदा दान म्हटलं की देणारा मोठा होतो आणि घेणारी वाकते. मग वीस वर्षं राबलेली बाई शेवटच्या दिवशी ऑफिसच्या दारात उभी राहते, साहेब पाकीट हातात ठेवतात आणि ती घरी येऊन सांगते, “सायेब चांगलं हायती, देवासारखं दिलं.” किती दिलं, किती यायला हवं होतं, हा प्रश्न तिच्या मनातसुद्धा येत नाही. देवानं दिलेलं कुणी मोजून घेतं का?

मी गृहिणी आहे. माहेर सातारा, सासर सांगली. बी. ए. मराठीत केलं, त्यामुळे आकडेमोडीशी माझा संबंध किराण्याच्या यादीपुरता. पण बचत गटांच्या कामासाठी दोन्ही जिल्ह्यांत फिरणं होतं आणि बैठक संपली की कुणीतरी हमखास थांबून राहते. पदराआडून घडी घातलेला कागद निघतो. “ताई, एवढं वाचून द्या की.” कधी तो राजीनाम्याचा नमुना असतो, कधी ‘माझा सर्व हिशेब मिळाला, आता काही तक्रार नाही’ अशा मजकुराखाली अंगठ्याची जागा. अशा कागदांमुळेच मी हा विषय शिकले. आणि माझं मत असं झालंय की, ग्रॅच्युइटीचा हिशेब अवघड नाही, अवघड आहे ते तो आपला आहे असं मानणं. भिशीतला एक रुपया इकडचा तिकडे झाला तर रात्रभर न झोपणारी बाई स्वतःच्या वीस वर्षांचा हिशेब मात्र दुसऱ्यानं केलेला मुकाट्यानं घेते.

आधी हिशेब बघू. १९७२ साली, म्हणजे माण-खटाव, आटपाडी-जतच्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या त्या वर्षी, ग्रॅच्युइटीचा कायदा झाला आणि १६ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, पण मूळ सूत्र तेच राहिलं. नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. पगार शेवटचा धरायचा, पहिला नाही. आणि महिना सव्वीस दिवसांचा, कारण चार सुट्ट्या वजा जाता कामाचे दिवस तेवढेच.

उदाहरण घेऊ. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये. भागिले २६, म्हणजे दिवसाचे ५००. पंधरा दिवसांचे ७,५००. नोकरी अकरा वर्षं सात महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा, म्हणून झाली बारा वर्षं. बारा गुणिले ७,५०० म्हणजे ९०,००० रुपये. झालं. पाचवी पास मुलगी हे करू शकते.

आता यातच चलाखी कशी होते बघा. महिना तीस दिवसांचा धरला की दिवसाचा पगार ४३३ वर येतो आणि वर्षाचे ६,५०० होतात. वरचे सात महिने सोडून दिले की वर्षं अकरा उरतात. ९०,००० चे झाले ७१,५००. साडेअठरा हजार रुपये कुठे गेले ते कळतसुद्धा नाही. साडेअठरा हजारांत आपल्याकडे मुलीच्या कॉलेजची फी भरते, शेळ्या येतात, न्हाणीघराला दार बसतं.

दुसरी गोम ‘पगार’ या शब्दात आहे. हातात येणारी रक्कम आणि ग्रॅच्युइटीला धरायची रक्कम एक नसते. मूळ पगार आणि महागाई भत्ता तेवढा धरतात. घरभाडं, प्रवास, बोनस, जादा कामाचे पैसे धरत नाहीत. त्यामुळे पूर्वी पगारपत्रकावर मूळ पगार मुद्दाम लहान ठेवायचा आणि बाकी सगळं भत्त्यांत दाखवायचं, ही युक्ती सर्रास चालायची. नव्या संहितेनं त्याला लगाम घातलाय. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर वरचा भाग पगारातच धरायचा. समजा, एकूण १५,६०० मिळतात आणि मूळ पगार ५,२०० दाखवलाय. उरलेल्या १०,४०० भत्त्यांपैकी निम्म्याच्या वरचे २,६०० पगारात परत येतात. ग्रॅच्युइटी ५,२०० वर नाही, ७,८०० वर. दहा वर्षांच्या नोकरीला ३०,००० ऐवजी ४५,००० होतात. म्हणून मैत्रिणींनो, पगाराची चिठ्ठी मुलांना मागच्या बाजूला चित्रं काढायला देऊ नका. जपून ठेवा.

पण पगारापेक्षा बायकांचं खरं नुकसान होतं ते वर्षं मोजताना. कायद्यानं साधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागते. सलग म्हणजे एकही खाडा नाही असं नव्हे. वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष धरतात. मंजूर रजा, आजारपण, कामावर झालेला अपघात यांनी सलगपणा तुटत नाही. कामगाराचा दोष नसताना काम बंद राहिलं तरी तुटत नाही. आणि बाळंतपणाची रजा, जी आज २६ आठवड्यांपर्यंत आहे, तीही नोकरीतच धरायची असते.

प्रत्यक्षात काय होतं? बाई बाळंतपणाला गेली की तिचं नाव हजेरीतून कमी करतात. चार-सहा महिन्यांनी ती बाळाला सासूकडे ठेवून परत येते तेव्हा तिच्याकडून नवा अर्ज भरून घेतात, नवी तारीख टाकतात. ती बिचारी खुश की काम परत मिळालं. तिला हे माहीत नसतं की, आधीची चार वर्षं तिच्याच सहीनं पुसली गेली. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची बारा वर्षांची नोकरी कागदावर कधी कधी तीन तुकड्यांत पडलेली असते आणि एकही तुकडा पाच वर्षांचा नसतो. पुरुषाच्या नोकरीला अशी कात्री लागायचं कारणच पडत नाही. म्हणून मी म्हणते, हा विषय अर्थकारणाच्या पानावरचा नाही, आपल्या पानावरचा आहे.

ठेकेदारीची गोष्टही तीच. साताऱ्याच्या एमआयडीसीत जा, कुपवाडला जा, मिरजेला जा. कामावर सोडणाऱ्या गाडीतून उतरणाऱ्या बायकांना विचारा, “किती वर्षं इथं?” दहा, बारा, पंधरा अशी उत्तरं येतात. शेड तीच, मशीन तेच, बाई तीच. पण चिठ्ठीवरचं ठेकेदाराचं नाव दर दोन वर्षांनी बदलतं आणि प्रत्येक नाव बदलताना तिची नोकरी नव्यानं सुरू होते. संहितेनं एक चांगलं केलंय. मालकानं स्वतः ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलं असेल तर आता पाच वर्षं थांबायला नको, एका वर्षानंतर त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. पण मुदतीचा करार वेगळा आणि ठेकेदाराकडची मजुरी वेगळी. आपण कोणत्या प्रकारात आहोत हे बाईला ठाऊकच नसेल तर कायदा कितीही सुधारला तरी तिच्या दारापर्यंत येत नाही. तासगावकडे बेदाणा निवडणाऱ्या आणि सांगलीत हळद निवडणाऱ्या बायकांना तर नगावर किंवा वजनावर मजुरी मिळते. तुकड्यावरच्या कामालाही ग्रॅच्युइटी लागू होते. तिथे शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी काढून दिवसाचा पगार ठरवतात. पण त्यासाठी हजेरीला नाव तर हवं! वहीत नुसता ‘बायका ८’ असा आकडा असेल तर त्या आठांतली तुम्ही कोण?

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखान्यांशिवाय कुठलीही गोष्ट पुरी होत नाही, तशी हीसुद्धा. कारखान्यात ‘कायम’ आणि ‘हंगामी’ अशा दोन जाती असतात, आणि मुलगी देताना मुलीचा बाप पहिल्यांदा तेच विचारतो. ग्रॅच्युइटीतही तो फरक आहे. हंगामी कारखान्यात वर्षभर काम नसणाऱ्या कामगाराला प्रत्येक हंगामाला पंधरा नाही, सात दिवसांचा पगार मिळतो. दिवसाला ५०० धरले तर वीस हंगामांचे ७०,००० होतात. तेच वर्षभर काम असणाऱ्याचे वीस वर्षांचे दीड लाख. आता गंमत अशी की, गाळप संपल्यावर दुरुस्तीच्या कामाला अनेक हंगामी माणसांना बोलावतात आणि कुणी कुणी मिळून जवळजवळ वर्षभर कामावर असतात. कायद्यातले शब्द ‘हंगामी आस्थापनेत असलेला आणि वर्षभर कामावर नसलेला’ असे आहेत. मग वर्षभर कामावर असलेल्याला सात दिवसांचा हिशेब का लावायचा? हे भांडता येतं, पण बिगरहंगामात भरलेल्या दिवसांचा पुरावा हातात असला तरच. नवरा कारखान्यात असेल तर त्याच्या हजेरीची नोंद घरच्या वहीत कारभारणीनं ठेवावी. तो ठेवत नाही, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

कुणी म्हणेल, कायदा सगळ्यांना लागू असतो का? दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो, आणि एकदा लागू झाला की माणसं आठ उरली तरी सुटत नाही. शिक्षिकांना तो लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये म्हटलं होतं. मग संसदेनं २००९ मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही ३ एप्रिल १९९७ पासून मागे जाऊन. खासगी शाळांनी त्याविरुद्ध दाद मागितली, पण २९ ऑगस्ट २०२२ ला न्यायालयानं ती दुरुस्ती कायम केली. तेव्हा खासगी इंग्रजी शाळेत वर्षानुवर्षं शिकवून ‘आम्हाला कसली आलीय ग्रॅच्युइटी’ म्हणणाऱ्या माझ्या शिक्षिका मैत्रिणींनी हे कात्रण फ्रिजला लावून ठेवावं.

आणि अंगणवाडी! २ ऑक्टोबर १९७५ ला ही योजना देशात सुरू झाली. तेव्हापासून सेविका आणि मदतनीस यांना पगार नाही, ‘मानधन’ मिळतं. बघा, पुन्हा तोच शब्दांचा खेळ. मान द्यायचा, धन थोडं द्यायचं आणि नोकर मात्र म्हणायचं नाही. गुजरातमधल्या दाहोद जिल्ह्यातल्या अंगणवाडीच्या बायका हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २५ एप्रिल २०२२ ला न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी निकाल दिला की, अंगणवाडी ही आस्थापना आहे, मानधन हा पगारच आहे आणि सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. शिवाय थकलेल्या रकमेवर वर्षाला दहा टक्के सरळ व्याज. निकाल लागला म्हणजे पैसे खात्यात आले असं मात्र झालं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हाही त्यांच्या मागण्यांत ग्रॅच्युइटी होतीच. शिकण्यासारखं ते हेच. हक्क कागदावर आला तरी तो मागायला आपणच जावं लागतं.

बायकांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा नावाचा. नोकरीला लागताना माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. पैसे निघायची वेळ आली की, ‘ही बाई तीच हे सिद्ध करा.’ वारसाचं नामनिर्देशनही तसंच. लग्नाआधी, घरचं जवळचं कुणी नसताना, भावाचं नाव लावलेलं असतं. कुटुंब झाल्यावर ते नाव कायद्यानं रद्द ठरतं, नवं लावावं लागतं. हे किती जणींना माहीत आहे? आणि नवऱ्याच्या नोकरीत आपलं नाव लागलंय का, हे किती जणींनी विचारलंय? नोकरीत असताना माणूस गेला तर पाच वर्षांची अट राहत नाही, दोन वर्षं झाली असली तरी वारसाला ग्रॅच्युइटी मिळते. माझ्या ओळखीच्या एका तरुण विधवेला ‘पाच वर्षं भरली नाहीत’ असं तोंडी सांगून परत पाठवलं होतं. तिनं अर्ज लेखी दिला, पोच मागितली आणि उत्तरही लेखी द्या म्हणाली. लेखी उत्तर कुणी दिलं नाही, पैसे दिले. तोंडी ‘नाही’ फार स्वस्त असतं, कागदावरचं ‘नाही’ महाग पडतं. राजीनामा दिला म्हणजे ग्रॅच्युइटी बुडाली, हाही असाच तोंडी पसरलेला गैरसमज. पाच वर्षं भरली असतील तर राजीनाम्यानंतरही ती मिळते. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट.

मालकांची बाजू मी ऐकलेली नाही असं नाही. “वहिनी, चार बायका एकदम निवृत्त झाल्या तर दोन-तीन लाख आणू कुठून?” असं एका छोट्या उद्योजकानं मला विचारलं होतं. माणूस वाईट नव्हता. पण उत्तर त्याच्याच वहीत आहे. वर्षाला पंधरा दिवस म्हणजे महिन्याच्या पगारावर पाच टक्क्यांहूनही थोडं कमी. तेवढे दर महिन्याला बाजूला टाकले, नाहीतर एलआयसीच्या ग्रुप ग्रॅच्युइटीत भरले, तर अचानक काही येत नाही. पगार वाढले की थोडी भर घालायची, एवढंच. ज्यानं वीस वर्षं ते पैसे धंद्यात फिरवले त्यानं शेवटी ‘आणू कुठून’ म्हणू नये. ते आधीच त्या बाईचे होते.

आता थोडं आपल्या घरात येऊ, कारण हे पान वाचणाऱ्या पुष्कळ जणी स्वतःही मालकीण आहेत. आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना ग्रॅच्युइटी नाही. घरात दहा माणसं कामाला नसतात, त्यामुळे कायदा उंबऱ्याबाहेरच थांबतो. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. मंडळाकडे नोंद करायला मावशींना मदत करावी हे झालंच. पण मंडळ म्हणजे मालक नव्हे. मावशी थकल्या, गुडघे गेले की आपण काय करतो? एक साडी, खणानारळाची ओटी, जुनी मिक्सर-भांडी आणि डोळ्यांत पाणी. प्रेम खोटं नसतं. पण प्रेमाचा हिशेब साडीत का करायचा आणि कष्टाचा हिशेब मुळीच का करायचा नाही?

करून बघा. महिन्याला २,६०० देत असाल तर दिवसाचे १०० झाले. पंधरा दिवसांचे १,५००. मावशी पंधरा वर्षं येत असतील तर २२,५०० रुपये. आकडा वाचून पोटात गोळा आला असेल तर तो त्या उद्योजकाच्या पोटातही येतो, हे लक्षात घ्या. आणि उपायही तोच. दर दिवाळीला बोनस देतो, त्याच दिवशी त्यांच्या नावे पोस्टात १,५०० टाकायचे. कायदा सांगत नाही म्हणून न्याय थांबतो असं थोडंच आहे? भिशीच्या बायकांनी मनावर घेतलं तर सांगलीतल्या एका गल्लीत, साताऱ्यातल्या एका पेठेत ही रीत पडायला दोन दिवाळ्या पुरतील.

बाकी नोकरी करणाऱ्या प्रत्येकीला एवढंच सांगणं. एक वही घाला. पहिल्या पानावर रुजू झाल्याची तारीख, आणि ती तारीख दाखवणारा कागद शेजारी चिकटवा. मग दर वर्षीचा मूळ पगार, बाळंतपणाची रजा कधीपासून कधीपर्यंत, ठेकेदार बदलला तर त्याचं नाव, वारस म्हणून कुणाला लावलं. दर १ मे ला, कामगार दिनी, मुलांना शेजारी बसवून पंधरा भागिले सव्वीस करायला लावा. त्यांचं गणित सुधारेल आणि आईच्या कामाला किंमत असते, हेही त्यांना आकड्यात दिसेल. आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका, साहेब कितीही देवमाणूस असले तरी. देवाला सही लागत नाही.